कीर्तिमंदिराच्या शिखरावर सूर्य आणि चंद्र का?

विश्वामित्रीकाठ

नागपूरहून सुट्टीला आलेल्या माझ्या पुतणीला घेऊन मी गेल्या आठवड्यात कीर्तिमंदिरात गेलो होतो. पायऱ्यांपाशी तिने सवयीने चपला काढल्या, घंटा कुठे आहे ते पाहिले, आणि आत फिरून झाल्यावर विचारले, "काका, इथे देव कोणता?" इथे देव नाही, गायकवाड घराण्यातील दिवंगतांचे हे स्मारक आहे, असे मी सांगितले. त्यावर तिने मान वर करून दुसरा प्रश्न केला, "मग कळसावर सूर्य आणि चंद्र कशाला?" मला उत्तर देता आले नाही. पन्नास वर्षे बडोद्यात राहून हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

जे ठाऊक आहे ते आधी मांडतो. सयाजीराव महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवानिमित्त १९३६ मध्ये ही वास्तू उभारली. बांधकाम दगडी आहे, आराखडा इंग्रजी ई अक्षरासारखा आहे, शिखरे, घुमट आणि छत्र्या पुष्कळ आहेत, आणि मधले शिखर सुमारे ३३ मीटर उंच आहे. त्या शिखरावर ब्राँझचे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी असून पृथ्वीवर हिंदुस्थानचा नकाशा आहे. आत पूर्वजांचे पुतळे आणि छायाचित्रे आहेत, तर मधल्या दालनाच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चार मोठी भित्तिचित्रे आहेत. महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत गेले. म्हणजे ज्या घरात पुढे आपलीही आठवण ठेवली जाणार, ते घर त्यांनी हयातीतच बांधून ठेवले.

राजघराण्याच्या स्मारकावर राजचिन्ह न बसवता सूर्य, चंद्र आणि पृथ्वी का बसवली असावी? छत्री, समाधी, मकबरा किंवा जुनी ख्रिस्ती दफनभूमी पाहताना तुम्हांला अशा खुणांचे अर्थ कसे लागत गेले? इंदूर आणि ग्वाल्हेरच्या सभासदांनी आपापल्या गावच्या छत्र्यांविषयी अवश्य लिहावे.

मांडवीची सून

काका, तुमच्या पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या माहेरच्या गावात, मारुतीच्या देवळामागे, मातीत अर्धे रुतून बसले आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. देवळामागे चार वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत आणि आम्ही लहानपणी त्यांवर बसून चिंचा खात असू. आजी रागावायची आणि म्हणायची, "उतरा खाली, कुणाचा तरी जीव गेलाय त्या दगडापायी."

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला दिसतो, आणि गुरे राखताना मेला असेल तर शेजारी गुरेही कोरलेली असतात. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई असते, तिच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून नेत असतात, आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. या सगळ्याच्या वर कलश असतो आणि कलशाच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्रकोर. त्यांचा अर्थ जुन्या दानपत्रांतल्या शब्दांतच सांगता येतो: आचंद्रार्क, म्हणजे चंद्र आणि सूर्य आहेत तोवर. जमिनीचे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे, तशी या माणसाची कीर्तीही चालावी. कीर्तिमंदिर या नावातला पहिला शब्द आणि शिखरावरची ती दोन चिन्हे एकच गोष्ट सांगतात, असे मला वाटते.

रावपुरेकर

सूर्यवंश आणि चंद्रवंश असा संबंध नसेल ना? राजघराण्यांना वंशाची चिन्हे मिरवण्याची हौस असते.

अमरेलीवाला

रावपुरेकर, तसे असते तर ही चिन्हे फक्त राजांच्या दगडांवर सापडली असती. माझे बालपण अमरेलीत गेले, वडील तिथे शिक्षक होते. काठियावाडात गावाच्या वेशीबाहेर पाळिये उभे असतात, ते तुम्ही पाहिले असतीलच. उभा दगड, त्यावर घोडेस्वार, हातात भाला किंवा तलवार, आणि वर एका बाजूला सूर्य व दुसऱ्या बाजूला चंद्र. हे पाळिये राजांचे नसतात. गावच्या गाई पळवून नेणाऱ्यांच्या मागे धावून गेलेल्या साध्या माणसांचे ते असतात. कुणी घोड्यावर, कुणी उंटावर, कुणी पायी. त्या माणसांना वंशावळ सांगायची नव्हती. आमच्या गावी दिवाळीनंतर त्या दगडांना शेंदूर लावत आणि नारळ फोडत, आणि शेंदराचे थर इतके चढले होते की घोड्याचे तोंड कुठे आणि स्वाराचे कुठे हे ओळखू येत नसे. सूर्य आणि चंद्र मात्र दगडाच्या टोकाशी असल्यामुळे स्पष्ट राहिले होते.

मांडवीच्या ताईंनी सांगितलेले वीरगळ आणि आमचे पाळिये यांत मला एक फरक जाणवतो. वीरगळात मृत्यूनंतरचा प्रवास चौकटीचौकटीने दाखवलेला असतो. पाळियात तो माणूस मरणापूर्वीच्या क्षणी, घोड्यावर बसलेला, तसाच थांबवलेला असतो. गायकवाडांचे राज्य मराठी होते आणि मुलूख गुजराती होता. शिखरासाठी चिन्ह निवडताना दोन्हीकडच्या खेडुतांना न सांगता कळेल असे चिन्ह त्यांच्यासमोर आयतेच होते.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितो आहे. आमच्या लष्कर भागात छत्री बाजार आहे आणि तिथे शिंद्यांच्या छत्र्या आहेत. बाजाराला जाणारा माणूस दिवसातून चार वेळा छत्री हा शब्द उच्चारतो आणि तो शब्द छत्रापासून आला हे विसरून गेलेला असतो. राजावर छत्र धरतात. राजा गेल्यावर ते छत्र मिटत नाही, त्याचे दगडात रूपांतर होते, आणि ज्या जागी देह अग्नीला दिला त्या जागेवर किंवा त्याच्या आठवणीच्या जागेवर ते कायमचे उघडे राहते. खाली कुणी नाही, वर छत्र मात्र धरलेले आहे, यातच त्या इमारतीचा सगळा अर्थ आहे असे मी मानतो.

पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे. महादजी तिथेच १७९४ च्या फेब्रुवारीत वारले. त्या आवारात पावसाळ्यात गेलात तर आपली छत्री उघडायची नाही, असा तिथला रिवाज आहे, कारण महादजींच्या छत्राखाली दुसऱ्याने छत्र धरणे हा त्यांचा अवमान ठरतो. मी भर पावसात मिटलेली छत्री हातात घेऊन तिथे उभा राहिलो होतो आणि माझा मुलगा खूप हसला होता. पण प्रतीक किती खरे मानले जाते हे मला त्या दिवशी कळले.

शिवपुरीला माधवराव शिंदे आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्या समोरासमोर आहेत. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले. त्यांची छत्री पांढऱ्या संगमरवराची असून दगडात रंगीत खड्यांचे जडावकाम आहे. आतल्या मूर्तींना सेवक पोशाख करतात आणि संध्याकाळी मूर्तींसमोर गाणे होते. आईची मूर्ती आणि मुलाची मूर्ती एकमेकांकडे पाहत बसलेल्या आहेत आणि मध्ये पाणी आहे. बडोद्याच्या त्या मुलीने शिवपुरीत विचारले असते की इथे देव कोणता, तर मला तिथेही उत्तर जड गेले असते.

कान्हकाठचा

लष्करकरांनी मूर्तींचा विषय काढला म्हणून इंदूरचे सांगतो. राजवाड्याजवळ, कान्ह नदीच्या काठी, कृष्णपुरा छत्र्या आहेत. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव या तिघांची ती स्मारके आहेत आणि आत पुरुषभर मूर्ती बसवलेल्या आहेत. जुन्या छत्र्यांत पादुका, शिवलिंग किंवा नुसता चौथरा असे. पादुकांचा अर्थ कुणालाही सांगावा लागत नाही, कारण पाय दिसतात आणि माणूस दिसत नाही, म्हणून तो निघून गेला आहे हे समजते. शिवलिंगाचा अर्थ थोडा खोल आहे: तो माणूस शिवात विलीन झाला, आता त्याला वेगळे रूप राहिले नाही. मूर्ती आल्यावर ही दोन्ही विधाने मागे पडतात आणि माणूस जिथल्या तिथे बसलेला राहतो. मला पादुका अधिक बोलक्या वाटतात. कृष्णपुऱ्याच्या मूर्ती मी शाळेत जाता-येता पाहिल्या आहेत आणि त्या मला प्रियही आहेत, पण त्या पाहून मृत्यूची आठवण होत नाही, दरबाराची होते.

नदीकाठ हा मुद्दा मात्र कुणी मांडला नाही. आमच्या छत्र्या कान्हेच्या काठी, महेश्वरची अहिल्याबाईंची छत्री नर्मदेच्या काठी, थोरल्या बाजीरावांची समाधीही नर्मदेच्याच काठी, रावेरखेडीला, जिथे ते १७४० च्या एप्रिलमध्ये वारले. तुमचे कीर्तिमंदिर विश्वामित्रीजवळ. वाहते पाणी आणि न हलणारा दगड यांना शेजारी बसवण्याची ही रीत केवळ अंत्यसंस्काराच्या सोयीतून आली असेल असे मला वाटत नाही.

ओळंबा

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक दगडात प्रतीक शोधण्याची घाई करू नये. घाट जिथे असेल तिथेच दहन होते आणि दहन जिथे होते तिथेच छत्री उभी राहते. नदीकाठाचे कारण बरेचसे इतकेच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या बडोद्यातल्या प्रतापनगरच्या हजिऱ्याचे. हा मकबरा १५८६ च्या सुमारास बांधलेला आहे. अकबराचा सरदार आणि शाहजादा सलीमचा शिक्षक कुतुबुद्दीन मुहम्मद खान याची ती कबर आहे. गुजरातचा पदच्युत सुलतान तिसरा मुजफ्फरशाह याने १५८३ मध्ये बडोदे घेतले आणि त्याला ठार मारले. इमारत अष्टकोनी आहे आणि लोक लगेच सांगतात की हा आकार म्हणजे आठ स्वर्ग. गवंड्याला विचारा. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर बहुधा कोपरे भरून काढून आधी अष्टकोन करतात, म्हणजे भार भिंतींवर नीट उतरतो. आठ ही संख्या घुमटाच्या गरजेतून येते.

पाटीपेन्सिल

ओळंबा यांचे गणित बरोबर आहे, पण त्यांच्याच उदाहरणात त्यांचे उत्तरही दडलेले आहे. चौकोनी खोलीवर घुमट असेल तर अष्टकोन आत, कोपऱ्यांत लपलेला राहतो. हजिऱ्यात तो बाहेर आला आहे, सबंध इमारतच अष्टकोनी केली आहे. लपवता येणारी गोष्ट मुद्दाम दर्शनी आणली, तर तिथे अर्थ असण्याचा संभव वाढतो. चौकोन म्हणजे पृथ्वी, वर्तुळ म्हणजे आकाश, आणि अष्टकोन म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना लागणारी पायरी, असे अभ्यासक सांगतात. रचनेची गरज आणि अर्थ ही दोन्ही एकाच दगडात राहू शकतात. देवळाचा उंबरठा पाणी अडवतो आणि सीमाही सांगतो.

हजिऱ्यात आणखी एक पाहण्यासारखे आहे. वरच्या दालनातल्या कबरी खऱ्या नाहीत. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. वर लोकांनी यावे, फातिहा म्हणावा, आणि खाली मृताला कुणी त्रास देऊ नये, अशी ही दुहेरी रचना आहे. म्हणजे लष्करकर म्हणतात तसे, छत्राखाली कुणी नाही, ही गोष्ट मकबऱ्याच्या वरच्या मजल्यावरही लागू पडते.

मुघल काळातल्या कबरींवर वरच्या बाजूला कधी लांबट उंचवटा असतो, तर कधी सपाट पाटीसारखा आकार असतो. उंचवटा म्हणजे कलमदान, ते पुरुषाच्या कबरीवर असते. पाटी स्त्रीच्या कबरीवर असते. ताजमहालात शाहजहानच्या आणि मुमताजच्या कबरींवर हा फरक स्पष्ट दिसतो. लेखणी त्याची आणि पाटी तिची, यात त्या काळाची समजूत आहे आणि ती मला सलते, तरीही नाव न वाचता कबर कुणाची हे ओळखता येते हे खरे.

मांडवीची सून

पाटीपेन्सिल, तुम्ही सलते हा शब्द लिहिलात म्हणून मनातले बोलते. आमच्या गावच्या चार वीरगळांच्या बाजूला पाचवा दगड आहे आणि त्यावर कोपरातून वाकलेला, वर उचललेला एक हात आहे, बांगड्यांनी भरलेला. तो सतीचा दगड आहे. बांगड्या फुटलेल्या नाहीत, म्हणजे तिचे सौभाग्य अखंड राहिले, असा त्याचा अर्थ. वरती सूर्य आणि चंद्र आहेतच. मी या दगडापुढे उभी राहते तेव्हा तो कुणी किती सुंदर कोरला आहे हे माझ्या मनात येत नाही. त्या स्त्रीचे तोंड कोरलेले नाही, नाव कोरलेले नाही, फक्त हात आहे. तिच्याबद्दल जगाला जेवढे हवे होते तेवढेच दगडावर राहिले.

कान्हकाठचा

ताई, तुमच्या दगडावरून आमच्याकडची गोष्ट आठवली. खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले, तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या आणि सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, त्यांना थांबवले. बारा वर्षांनी मल्हारराव आलमपूरला वारले आणि तिथली त्यांची छत्री अहिल्याबाईंनी बांधवली. ज्या स्त्रीचा हात दगडावर कोरला गेला असता, तिने पुढे दुसऱ्यांसाठी दगड उभे केले. आणि अहिल्याबाईंची स्वतःची मूर्ती पाहा: हात त्यांचाही पुढे आलेला असतो, पण त्याच्या तळव्यावर शिवलिंग असते.

सुरतेचा पाहुणा

बडोद्याहून दीडशे किलोमीटरवर सुरत आहे आणि या विषयावर प्रेम असणाऱ्याने तिथली इंग्रजांची आणि डचांची दफनभूमी पाहायलाच हवी. १६५९ मध्ये वारलेला ख्रिस्तोफर ऑक्झेंडन आणि १६६९ मध्ये वारलेला त्याचा भाऊ सर जॉर्ज यांची कबर दुमजली असून तिला खांब, कमानी आणि घुमट आहेत. १६९१ मध्ये वारलेला डच अधिकारी फान रेडे याची कबरही घुमटाची आणि तशीच भव्य आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ ज्याने सिद्ध केला तोच हा. हे लोक त्यांच्या देशात वारले असते तर चर्चच्या फरशीत किंवा आवारात एक शिळा बसली असती. सुरतेत त्यांनी मकबऱ्याची भाषा उचलली, कारण मोठा माणूस इथे पुरला आहे हे इथल्या लोकांना त्याच भाषेत कळणार होते.

नंतरच्या काळात इंग्रजांनी आपली चिन्हे आणली. जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत मोडलेला खांब दिसला की समजावे, आयुष्य मध्येच तुटले आहे. उलटी धरलेली मशाल म्हणजे विझलेले आयुष्य, नांगर म्हणजे आशा, आणि कोकरू दिसले तर खाली लहान मूल आहे. एका दफनभूमीत एकाच ओळीत तीन कोकरे पाहिल्यावर मला पुढे जाववले नव्हते. सर्वांत नवल वाटते ते कापड पांघरलेल्या कलशाचे. हा ग्रीक आणि रोमन लोकांचा रक्षाकलश, म्हणजे दहनाची खूण, आणि तो ठेवला आहे पुरणाऱ्यांच्या कबरीवर.

रावपुरेकर

उलटही घडले आहे. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत चार्ल्स स्टुअर्ट नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी पुरला आहे; तो १८२८ मध्ये वारला. हिंदू चालीरीतींच्या आवडीमुळे लोक त्याला हिंदू स्टुअर्ट म्हणत आणि त्याची कबर देवळाच्या आकाराची आहे. मी ती पाहिली तेव्हा भोवती सगळे पिरॅमिड आणि चौकोनी सुळके होते आणि मध्ये हे एक देऊळ.

जाता जाता एक शंका. राणी लक्ष्मीबाईंच्या ग्वाल्हेरच्या समाधीपाशी घोड्यावरचा पुतळा आहे. घोड्याचे दोन्ही पाय वर असतील तर स्वार लढाईत पडला, असा नियम खरा आहे का?

लष्करकर

असा काही नियम नाही. हा समज जगभर पसरलेला आहे, पण शिल्पकार घोड्याचा तोल आणि आवेश पाहून पाय ठरवतात. राणीसाहेब १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला लढताना गेल्या हे सांगायला घोड्याच्या पायाची साक्ष नको. फुलबागेत समाधीचा चौथरा आहे, मी तिथे आधी जातो आणि मग पुतळ्याकडे.

रंगखडी

सगळा धागा आज वाचून काढला. मूळ प्रश्नातला भित्तिचित्रांचा भाग सुटला आहे आणि मी बडोद्यातच चित्रकला शिकले असल्यामुळे तो मला सोडवत नाही. नंदलाल बोस यांनी ही चित्रे १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने केली. विषय आहेत गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, महाभारतातले युद्ध आणि नटीर पूजा. शिकत असताना आम्ही रेषा, रंग आणि आकृत्यांची रचना पाहत असू. हे चार विषय एका खोलीत का आले, असे कुणी विचारले नव्हते. आता वीरगळावरचा मांडवीच्या ताईंचा प्रतिसाद वाचला आणि अचानक ती खोली मला वेगळी दिसू लागली.

गंगा पृथ्वीवर कशासाठी आली? सगराच्या साठ हजार पुत्रांच्या राखेला मुक्ती मिळावी म्हणून भगीरथाने तिला आणली. म्हणजे ते चित्र मुळात अस्थिविसर्जनाचे चित्र आहे. महाभारताचे युद्ध म्हणजे वीरगळाची लढाईची चौकट. मीरेच्या कथेचा शेवट असा की ती मूर्तीत विलीन झाली आणि मागे देह उरला नाही. कान्हकाठचे दादा शिवलिंगाविषयी म्हणाले तेच हे. आणि नटीर पूजा हे रवींद्रनाथांचे नाटक आहे: अजातशत्रूने बुद्धाची पूजा बंद केली असताना एक राजनर्तकी स्तूपापुढे नाचत आपले दागिने उतरवते, तिच्या अंगावर भिक्षुणीचे वस्त्र उरते, आणि तिथेच तिला मारले जाते.

स्तूप म्हणजे तरी काय? अस्थींवरची मातीची आणि विटांची रास, आणि तिच्या माथ्यावर छत्र. लष्करकरांनी सांगितलेले छत्र इथून चालत आले आहे. आणि त्यासाठी आपल्याला सांचीपर्यंत जायचीही गरज नाही. शामळाजीजवळ देवनी मोरी इथे एक स्तूप होता. सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६० ते १९६३ या काळात त्याचे उत्खनन केले आणि त्यातून निघालेला अस्थिकरंडक बडोद्यातच आहे. ती जागा पुढे मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली. ज्या शहरात स्तूपापुढे नाचणाऱ्या नर्तकीचे चित्र भिंतीवर होते, त्याच शहरात वीस वर्षांच्या आत खऱ्या स्तूपातला करंडक येऊन पोहोचला, ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही.

ओळंबा

रंगखडी ताई, तुमचे वाचन मला पटते आहे, पण एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. चित्रे सुरू झाली त्याच वर्षी महाराज वारले. मीरा, गंगा आणि महाभारत हे शांतिनिकेतनच्या चित्रकारांचे नेहमीचे विषय होते. चौघांना एका सूत्रात आपण आज ओवतो आहोत, असे तर नाही?

रंगखडी

शक्यता नाकारत नाही. चित्रकाराने विषय कसे निवडले याचा दाखला देऊन मी बोलत नाही, भिंतीवर जे आहे ते पाहून बोलते आहे. पण स्मारकात काम करणारा आणि सात वर्षे पुन्हा पुन्हा तिथे येणारा नंदलालांसारखा चित्रकार आपण कुठे रंगवतो आहोत हे विसरला असेल, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

अमरेलीवाला

मूळ प्रश्नातली पृथ्वी अजून राहिली आहे. सूर्य आणि चंद्र वीरगळावर असतात, पाळियावर असतात, पण तिथे पृथ्वी कुठेच नसते. ती कीर्तिमंदिराची स्वतःची भर आहे आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिच्यावरचा नकाशा.

आज माहिती सांगणारे त्याला अखंड हिंदुस्थानचा नकाशा म्हणतात. अखंड हे विशेषण फाळणीच्या संदर्भातले आहे. १९३६ मध्ये नकाशा काढणाऱ्याच्या दृष्टीने तो फक्त हिंदुस्थान होता. मला महत्त्व वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. बडोदे संस्थान एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली आणि ओखामंडळ असे तुकडे, आणि मध्ये इतरांचे मुलूख. आम्हांला अमरेलीहून बडोद्याला यायचे तर वाटेत किती हद्दी लागत असत ते आजोबा बोटांवर मोजून सांगत. आपल्या घराण्याच्या स्मारकावर राजाने आपल्या राज्याचा नकाशा बसवला असता तर कुणी नावे ठेवली नसती. तिथे देशाचा नकाशा आहे. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कडी, नवसारी, अमरेली ही नावे जिल्ह्यातालुक्यांच्या यादीत गेली. शिखरावरचा नकाशा मात्र त्यामुळे खोटा ठरला नाही.

मांडवीची सून

अमरेलीवाले भाऊ, म्हणजे वीरगळावर वीर ज्यासाठी पडला ती गुरे खाली कोरलेली असतात, आणि इथे ज्या भूमीसाठी माणूस राबला ती भूमी शिखरावर ठेवली आहे. सूर्यचंद्र तेच राहिले, गुरांच्या जागी पृथ्वी आली.

विश्वामित्रीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी पुतणीला घेऊन पुन्हा गेलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिला आधी वहीत वीरगळ काढून दाखवला होता, खालून वर वाचायला शिकवले होते. तिथे पोहोचल्यावर ती म्हणाली की हे सगळे घरसुद्धा खालून वरच वाचायचे आहे: खाली पुतळे, मध्ये गंगा आणि लढाई, वर सूर्य आणि चंद्र. चपला तिने याही वेळी काढल्या. तिला मी अडवले नाही, मीही काढल्या.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघे हजिऱ्याला जाणार आहोत. ओळंबा आणि पाटीपेन्सिल, आपण दोघेही आलात तर अष्टकोनाचा वाद प्रत्यक्ष भिंतीपाशी उभे राहून पुढे नेता येईल.

ओळंबा

येतो. मोजपट्टी घेऊन येतो.